उसनवारीचा आवाज

हनुवटीच्या खाली आणि छातीच्या वर वीतभरही जागा नाही, पण मराठीने तिला निदान पाच नावं दिली आहेत. मान, गळा, घसा, कंठ आणि नरडं. प्रत्येकाचं काम वेगळं. मान मुरगळते, खाली जाते. गळा गोड असतो आणि कापलाही जातो. घसा बसतो, खवखवतो, त्याला कोरड पडते. कंठ दाटून येतो, वयात येणाऱ्या मुलाला फुटतो. नरडं बिचारं आवळण्यापुरतंच. एवढी श्रीमंती असूनही आवाज जिथे तयार होतो त्या नेमक्या अवयवाला बोलीभाषेत नाव नाही. ‘स्वरयंत्र’ हा शब्द आपल्याला आठवीच्या पुस्तकात भेटतो आणि परीक्षा झाली की तिथेच राहतो.

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून माझं बरंचसं आयुष्य आवाज गेलेल्या माणसांसमोर बसण्यात गेलं. ‘त्रास कुठे होतो, बोट ठेवून दाखवा बरं,’ असं विचारायची मला सवय होती. शाळेतल्या बाई तोंड उघडून पडजिभेकडे बोट दाखवायच्या. कीर्तनकार बुवा छातीवर हात ठेवायचे. भाजी विकणाऱ्या मावशी सगळी मानच मुठीत धरायच्या. थेट कंठमण्यावर बोट टेकवणारा क्वचित भेटे. यात त्यांची चूक आहे असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. आवाज खरोखरच एका जागी राहत नाही.

खरं तर आवाजाच्या मालकीचा असा एकही अवयव शरीरात नाही. फुप्फुसं श्वासासाठी आहेत. जीभ, दात, ओठ, टाळू ही अन्नाची माणसं. नाक हवा गाळून, ऊब देऊन आत सोडायला. आणि स्वरयंत्र? तो मुळात पहारेकरी. घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात, मागची अन्ननलिकेची आणि पुढची श्वासनलिकेची. त्यामुळे प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरून जावं लागतं. ही रचना किती धोक्याची आहे याकडे डार्विननेही लक्ष वेधलं होतं. पुढच्या वाटेच्या तोंडाशी बसून घास आला की दार लावायचं, चुकून काही आत शिरलंच तर ठसक्यासरशी बाहेर फेकायचं, हे स्वरयंत्राचं पहिलं काम. पाण्याचा हंडा उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो, तोही याच दाराने. बोलणं आणि गाणं ही त्या दारवानाची फावल्या वेळातली कला आहे, असं म्हटलं तर शरीरशास्त्राचा फारसा अपमान होणार नाही.

उसनवारीचं एक दुखणं असतं. वस्तू एकाची, वापर दुसऱ्याचा, मग हिशेब कोणी ठेवायचा? आवाजाच्या ज्ञानाचं नेमकं हेच झालं. अवयव डॉक्टरांकडे गेले, उच्चार व्याकरणकारांकडे, सूर गवयांकडे आणि लहरी भौतिकशास्त्राकडे. चौघांनीही मन लावून काम केलं, पण एका पंगतीला ते फार कमी वेळा बसले. त्यांना तसं बसवावं म्हणून हे पुस्तक.

नवख्या वाचकासाठी आधी यंत्राची तोंडओळख करून देते. आपल्याकडे उदाहरण म्हणून पेटी हाताशी असते. भात्याने हवा ढकलली की आत पितळी पट्ट्या थरथरतात (पेटीवाले त्यांना सूरच म्हणतात) आणि लाकडी खोक्यातून नाद बाहेर येतो. शरीरातही भाता आहे, थरथरणारी वस्तू आहे आणि खोकंही आहे. पण साम्य इथेच संपतं. पेटीत प्रत्येक स्वराला वेगळी पट्टी लागते. इथे जेमतेम दोन घड्यांवर सगळा संसार. आणि पेटीचं खोकं बदलत नाही, आपलं मात्र प्रत्येक अक्षराला आकार बदलतं.

स्वरयंत्राचा सांगाडा कूर्चांचा आहे. समोर ढालीसारखी मोठी कूर्चा. तिचं पुरुषांमध्ये पुढे आलेलं टोक म्हणजे कंठमणी. तिच्या खाली मोहोरेच्या अंगठीसारखी, मागे रुंद आणि पुढे अरुंद असलेली दुसरी. त्या अंगठीच्या मागच्या रुंद भागावर बसलेल्या दोन चिमुकल्या कूर्चांना ग्रीकांनी पळीची उपमा दिली. ढालीच्या आतल्या बाजूपासून या दोन पळ्यांपर्यंत आडव्या पसरलेल्या घड्या म्हणजे आपले स्वरतंतू. पुरुषांत त्यांची लांबी सुमारे २० मिलिमीटर, स्त्रियांमध्ये सुमारे १५. पळ्या फिरल्या की घड्या जवळ येतात किंवा दूर होतात. ढाल अंगठीवर पुढे झुकली की त्या ताणल्या जातात आणि सूर चढतो. वयात येताना मुलांची ढाल झपाट्याने वाढते, आतल्या घड्या लांब आणि जाड होतात, आणि नव्या मापाच्या वाद्यावर हात बसेपर्यंत काही महिने बिचाऱ्यांचा आवाज भलत्याच ठिकाणी घसरतो. कंठ फुटणं ते हेच.

घड्या जवळ आल्या की खालून फुप्फुसातली हवा दाबू लागते. साध्या बोलण्याला हा दाब पाण्याच्या ५ ते १० सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतका पुरतो. म्हणजे पाणी भरलेल्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढायला लागते तेवढी फुंकर. घड्या उघडतात, हवा निसटते, त्यांची लवचीकता आणि वाहत्या हवेची ओढ मिळून त्या पुन्हा मिटतात. पुरुषाच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा होतं, बाईच्या बोलण्यात २००च्या आसपास. शाळेची ३५ मिनिटांची तासिका घ्या आणि बाईंच्या स्वरतंतूंनी त्यातला निम्माच वेळ काम केलं असं धरा. तरी एका तासिकेत दोन लाखांहून जास्त टकरा होतात. दिवसाला अशा सहा तासिका, वर फळ्याची धूळ आणि खिडकीबाहेरचे भोंगे. त्यांचा घसा बसतो याचं नवल वाटायला नको, इतरांचा बसत नाही याचं वाटावं.

घड्यांमधून निघतो तो मात्र नुसता भुणभुणाट असतो. त्याला ‘आ’ किंवा ‘ई’ करतो तो वरचा पोकळ रस्ता, म्हणजे घसा, तोंड आणि नाक. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत ही वाट सुमारे १७ सेंटीमीटरची आहे. जीभ पुढे सरकली, मागे गेली, जबडा उघडला, की पोकळीचा आकार बदलतो. भुणभुणाटातल्या काही कंपनसंख्या ती उचलून धरते आणि बाकीच्या दाबते. उगम आणि गाळणी हे दोन वेगळे मानून हिशेब मांडायची रीत स्वीडनच्या गुन्नार फान्ट यांनी १९६०च्या ग्रंथात पक्की केली. त्यानंतरचं ध्वनिशास्त्र बहुतेक त्याच पायावर उभं आहे.

‘तंतू’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. तो पॅरिसहून आला. आंत्वान फेरँ या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १७४१मध्ये मृतांची स्वरयंत्रं काढून त्यांत फुंकर घातली, आवाज निघालेला ऐकला आणि या घड्यांना व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली. हवा म्हणजे गज, असा त्याचा हिशेब. उपमा देखणी होती म्हणून टिकली, पुढे इंग्रजीत गेली आणि तिथून आपल्या पाठ्यपुस्तकात उतरली. प्रत्यक्षात आत तार नाही. वर नाजूक त्वचा, खाली मऊ थलथलीत थर, त्याखाली बंध आणि सर्वांत आत स्नायू, अशी ती पापुद्र्यांची रचना आहे. जपानच्या मिनोरू हिरानो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की आतलं घट्ट अंग आणि वरचं सैल पांघरूण जवळजवळ स्वतंत्रपणे हलतात. घसा सुजतो तेव्हा बिघडतं ते बहुधा पांघरूण. तार समजून ‘ताणून’ गाणाऱ्यांनी स्वतःचं किती नुकसान करून घेतलं असेल, कोण जाणे.

या अभ्यासाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात आपल्याच उंबऱ्यापासून करावी लागते, आणि ते अभिमानापोटी नव्हे. बाराखडी शिकणारं मराठी मूल क, च, ट, त, प म्हणत घशापासून ओठांपर्यंत तोंडाची अख्खी सफर करतं. आपली वर्णमाला हाच मुखाचा नकाशा आहे. प्रातिशाख्यं आणि शिक्षाग्रंथ, म्हणजे वेदोच्चाराचे जुने ग्रंथ, लिहिणाऱ्यांनी ती मांडणी केली तेव्हा त्यांच्याजवळ आरसा नव्हता, सुरीही नव्हती. स्वतःच्या तोंडात काय घडतंय याकडे लावलेलं लक्ष, एवढंच साधन. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगतं, की कंठ मिटलेला असला की नाद होतो, उघडा असला की श्वास, आणि या दोहोंमधल्या स्थितीत हकार. ‘स’ लांबवा आणि मग ‘म’ लांबवा. कंठमण्यावर बोट असेल तर घोष-अघोष हा भेद तिथेच हाताला लागतो. मधल्या स्थितीच्या हकाराची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातल्या काही युरोपीय पंडितांच्या गळी उतरेना. पुढे यंत्रांनी दाखवलं की आपला ‘ह’ खरोखरच अर्धवट मिटलेल्या घड्यांमधून, नाद आणि श्वास एकदम सोडत येतो. ‘म्हण’ आणि ‘न्हाणं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते वेगळं सिद्ध करायची गरजच नव्हती.

दुसरा आपला ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर. तेराव्या शतकात, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना लिहिलेला. शार्ङ्गदेव वैद्यकी चालत आलेल्या काश्मिरी घराण्यातला. त्यामुळे तो थेट रागावर येत नाही. आधी पिंडाची उत्पत्ती सांगतो, शरीर कसं घडतं ते सांगतो आणि मग नाद. हृदयात मंद्र, कंठात मध्य, मूर्ध्यात तार. पुढे तर गळ्याच्या गुणदोषांची यादीच आहे. वैद्य, हिशेबनीस आणि संगीतज्ञ अशा तिन्ही टोप्या एका डोक्यावर असलेला हा माणूस मला या पुस्तकाचा खरा पूर्वज वाटतो.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हृदयात बावीस नाड्या आहेत आणि त्यांतून बावीस श्रुती उमटतात, हे त्याचं म्हणणं शरीरशास्त्र नव्हे. गवयाला आत जे जाणवतं त्याचं ते वर्णन आहे, आणि वर्णन म्हणून अस्सल आहे. खर्ज छातीत घुमतो असं वाटतं हे खरं, पण तो छातीत तयार होत नाही. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘आपल्याकडे काहीच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ओलांडून बरंच वाङ्मय तयार केलं आहे. त्यात भर घालायची आमची इच्छा नाही.

पश्चिमेकडे रस्ता सुरीचा होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने लोकांसमोर जिवंत डुकराच्या मानेतली एक बारीक नस बांधून दाखवली. किंचाळणारं डुक्कर धडपडत राहिलं, पण मुकं झालं. आवाजाची दोरी मेंदूच्या हाती आहे, हृदयाच्या नव्हे, हे तिथे सर्वांदेखत ठरलं. त्या नसेची वाट मोठी विचित्र आहे. मेंदूकडून निघालेली डावी नस स्वरयंत्राला ओलांडून छातीत उतरते, हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर चढते. आपल्या माशांसारख्या पूर्वजांत हा मार्ग सरळ होता. मान लांबली, हृदय खाली गेलं आणि नस अडकून पडली. जिराफात तर हा द्राविडी प्राणायाम काही मीटरचा आहे.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण उमगलं उशिरा. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक एसटी वाहक आले होते. आवाजात नुसती हवा. डावी घडी हलत नाही असा कागद सोबत होता. मी दीड महिना त्यांच्याकडून इमानेइतबारे व्यायाम करून घेतले. छातीचा फोटो काढलाय का, हे विचारायचं मला सुचलं नाही. गाठ घशात नव्हती, फुप्फुसात होती. आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलेला असेल तर आधी आत पाहून घ्या, असं आज मी ज्या कडकपणे सांगते त्यामागे ते वाहक आहेत.

आत पाहायची युक्ती काढली ती डॉक्टरने नव्हे, गाण्याच्या मास्तरने. मानुएल गार्सिया हा स्पॅनिश गायक-घराण्यातला शिक्षक. १८५४मध्ये पॅरिसला त्याने दाताच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या वैद्यांनी ते साधन उचललं आणि घशाची स्वतंत्र वैद्यकी उभी राहिली. गार्सिया मात्र शेवटपर्यंत गाणंच शिकवत राहिला आणि शंभरी पार करून १९०६मध्ये गेला.

विसाव्या शतकातला मोठा वाद घड्या हलतात कशा याचा. पॅरिसच्या राउल ह्यूसाँ यांनी १९५०मध्ये मांडलं की प्रत्येक कंपनाला मेंदूकडून वेगळा ठोका येतो. सेकंदाला शेकडो ठोके एवढ्या अचूकपणे नसेतून कसे येणार, याचं समाधानकारक उत्तर त्यांना देता आलं नाही. १९५८मध्ये हॉलंडच्या यानविलेम व्हान डेन बेर्ग यांनी हवेचा दाब आणि स्नायूंची लवचीकता एवढ्यावर सगळं उलगडतं हे दाखवलं. मेंदू घड्यांना फक्त तयार स्थितीत आणून ठेवतो, बाकीचं फुंकर करते. आज चालतो तो हाच विचार, हिरानोंच्या पापुद्र्यांसह.

माणूसच का बोलतो, हा प्रश्न या क्षेत्रातल्या सर्वांत घसरड्या जागी आहे. माणसाचं स्वरयंत्र घशात खाली उतरलेलं असतं म्हणून, हे उत्तर दीर्घकाळ चाललं. २००१मध्ये हरणांचंही उतरतं हे दिसलं. २०१६मध्ये माकडाच्या तोंडाची क्ष-किरण चित्रं घेणाऱ्यांनी सांगितलं की अवयव पुरेसे आहेत, ते चालवणारा मेंदू नाही. २०२२मध्ये आणखी एक सुगावा लागला. इतर माकड-वानरांच्या स्वरतंतूंना एक पातळ झालर असते, ती माणसाने गमावली आहे. म्हणून आपला आवाज स्थिर. शेवटचा शब्द अजून कोणाचाच नाही.

मराठी मुलखात हा विषय मुख्यतः गाण्याच्या अंगाने वाढला. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या साधनेचा शास्त्र म्हणून पाठपुरावा केला आणि डॉ. अशोक रानडे यांनी तो धागा नाट्य, भाषण आणि गायन अशा सगळ्यांत नेला. देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व हा तर या विषयाचा चालता-बोलता धडा. क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, देवासच्या आजारपणात काही वर्षं गाणं बंद राहिलं. परतले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोट्या, धारदार स्वरवाक्यांचं गाणं घेऊन. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बिघडला आणि त्यातून त्यांची गायकी नव्याने घडली, असं सांगतात. भात्याची किंवा घडीची मर्यादा शैली होऊन बसते, याची दोन उदाहरणं एकाच मुलखात सापडावीत हे आपलं भाग्य. उलट बाजूही आहे. ‘गळा फाडल्याशिवाय गाणं येत नाही’ हा सल्ला आजही दिला जातो. गळा फाडून गाठी येतात.

तशीच ज्येष्ठमधाची गोष्ट. गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही, शिवली तर ठसका लागतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध घशाला सुखावतात, ते घ्यावेत. स्वरतंतू बरे होतात ते पाण्याने, विश्रांतीने आणि गरज पडल्यास उपचाराने. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे. कुजबुजताना अनेकजण घसा उलट जास्तच आवळतात.

हे सगळं आत्ताच मराठीत का आणावं? एक कारण जुनं आहे. विडी-सिगारेट आणि दारू मिळून स्वरयंत्राला कर्करोग देतात. व्हिएन्नात बिलरोट या शल्यचिकित्सकांनी १८७३मध्ये कर्करोगाचं स्वरयंत्र पहिल्यांदा पूर्ण काढलं, तेव्हापासून ‘जीव वाचला, आवाज गेला’ हा सौदा चालू आहे. असा माणूस मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतो आणि अन्ननलिकेतल्या हवेने, झडपेने किंवा हनुवटीखाली धरलेल्या यंत्राने पुन्हा बोलायला शिकतो. इथे ती ‘उसनवारी’ शब्दशः दिसते. मालक गेला तरी शेजारी काम भागवतात.

दुसरं कारण नवं आहे. १७९१मध्ये फॉन केम्पेलेन याने आपल्या बोलत्या यंत्राचा ग्रंथ छापला. त्या यंत्रात भाता होता, पट्टी होती, तोंडाच्या जागी रबरी कर्णा होता. दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात १९३९मध्ये व्होडर नावाचं यंत्र बोललं ते विजेवर, पण उगम आणि गाळणी त्यातही होती. आजची यंत्रं थोडासा नमुना ऐकून कुणाचाही आवाज उभा करतात आणि त्यांच्यात ना भाता, ना घडी, ना जीभ. शरीराविना आवाज पहिल्यांदाच इतका स्वस्त झाला आहे. फोनवर आईचा आवाज आला म्हणजे आईच आहे, ही खात्री गेली. अशा वेळी आवाज शरीरात कसा घडतो, दम कुठे संपतो, हसताना शब्द कसा मोडतो, हे जाणून घेणं मला तरी चैनीचं वाटत नाही.

या संग्रहात शल्यचिकित्सक आहेत, ध्वनिवैज्ञानिक आहेत, गायिका आहेत, नाटकवाले आहेत, माझ्यासारखे उपचार करणारेही आहेत. प्रत्येकाने आपल्या दारातून आत यावं आणि मधल्या अंगणात भेटावं, अशी कल्पना. परीक्षेसाठी हे पुस्तक उपयोगी पडणार नाही. घसा बसल्यावर काय घ्यावं याची यादी शोधणाराही थोडा निराश होईल. आकृत्या मुद्दाम ठळक आणि मोजक्या ठेवल्या आहेत. उच्चारांचे दाखले मराठीचेच घेतले. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतला ‘च’ एकाच अक्षराने लिहून दोन ठिकाणी उच्चारणाऱ्या भाषेला बाहेरून उदाहरणं आणायचं कारण नव्हतं.

एका शब्दावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शल्यचिकित्सकांना ‘स्वरतंतू’ नको होता, घडीला घडीच म्हणा असा त्यांचा आग्रह, आणि मी त्यांच्या बाजूची. गायिका म्हणाल्या, ‘मी गाते तेव्हा मला तिथे तारच जाणवते, घडी नाही.’ संपादकांनी दोन बैठका यात घालवल्या आणि तिसऱ्या बैठकीत चहा पिऊन विषय सोडून दिला. तेव्हा वाचकाला शस्त्रक्रियेच्या लेखांत घड्या दिसतील आणि गाण्याच्या लेखांत तंतू. वस्तू एकच आहे. या प्रस्तावनेत मी स्वतः दोन्ही शब्द वापरले आहेत, हे मला आत्ता, परत वाचताना, लक्षात आलं.